‘रिसर्च इंटरेस्ट्स’च्या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न कळव्याच्या एका मुलीचा आहे. बी.कॉम. झाली आहे, तीन वर्षं ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसला काम करते आहे, आणि आता तिला सामाजिक मानसशास्त्रात एम.ए. आणि जमलं तर पीएच.डी. करायची आहे. ती लिहिते: ‘प्राध्यापकांची माहिती वाचली की गोंधळायला होतं. एकाच माणसापुढे आज्ञापालन, शहरी जीवन, पूर्वग्रह, गर्दी असे चार-पाच विषय लिहिलेले असतात. हे ठरवतात कसं? मला अर्जात माझे रिसर्च इंटरेस्ट्स लिहायचे आहेत. काय लिहू? आणि बी.कॉम.वालीला कोणी दारात उभं करेल का?’

सत्तावीस वर्षं मी हा विषय शिकवला, त्यातली बरीचशी नवी मुंबईत. राहते नौपाड्यात. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ठाण्यात राहून ‘मी मानसशास्त्रातली’ असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे मेंटल हॉस्पिटलात का?’ १९०१ पासून ते रुग्णालय इथे उभं आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय, निम्म्यांनी केलाही आहे. पुढे मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णींच्या संस्थेमुळे मनाच्या आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलायची सवय या शहराला लागली, हे चांगलंच झालं. पण सामाजिक मानसशास्त्रज्ञ रुग्ण तपासत नाही. चांगली धडधाकट, शहाणीसुरती माणसं चारचौघांत गेली की वेगळी का वागतात, हा त्याचा धंदा. त्यामुळे उपचार करण्यासाठी लागणारी पुनर्वास परिषदेची नोंदणी आपल्याला लागत नाही, आणि लग्नकार्यात कोणी ‘माझ्या भाच्याला जरा समजवा ना’ म्हणाली की आपण हात जोडायचे.

आता तुझा मूळ प्रश्न. त्या चार-पाच विषयांची यादी ही वाण्याच्या दुकानातली यादी नव्हे. बहुतेक चांगल्या संशोधकांकडे प्रश्न एकच असतो, तोच ते वेगवेगळ्या जागी विचारत फिरतात. यादी बाहेरच्यांच्या सोयीसाठी. हे तुला स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञावरून दाखवते, कारण त्याची गोष्ट तुझ्या बी.कॉम.लाही लागू पडते.

मिलग्रॅम न्यूयॉर्कचा, जन्म १९३३ चा. पदवी घेतली ती राज्यशास्त्रात. हार्वर्डला पीएच.डी.साठी अर्ज केला तर त्यांनी नाकारलं, कारण मानसशास्त्राचा एकही पेपर त्याने दिलेला नव्हता. गड्याने एका उन्हाळ्यात वेगवेगळ्या कॉलेजांतून मानसशास्त्राचे कोर्स उरकले आणि आत शिरला. तिथे गॉर्डन ऑलपोर्ट त्याचा मार्गदर्शक झाला, आणि सॉलोमन ॲशच्या हाताखाली काम करायला मिळालं.

ॲशचा प्रयोग तुला पहिल्याच सेमिस्टरला भेटेल. एका रेषेएवढी दुसरी रेषा तीनांतून ओळखायची, पोरखेळ. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांत जवळजवळ एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसतंय ते सोडून चारचौघांचं उत्तर देत होती. मिलग्रॅमने प्रबंधासाठी हेच रेषांऐवजी आवाजांवर केलं, नॉर्वेत आणि फ्रान्समध्ये, आणि नॉर्वेची माणसं जास्त प्रमाणात गटाच्या मागे गेलेली त्याला दिसली. मग त्याच्या मनात आलं, रेषा नि आवाज यांत कुणाचं काय जातं? दुसऱ्याला इजा होणार असेल तरी माणूस असाच वागेल का?

१९६१ साली येल विद्यापीठात त्याने विजेच्या धक्क्यांचा तो गाजलेला प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्याचा खटला चालू होता आणि ‘मी फक्त हुकूम पाळला’ हे वाक्य जगभर गाजत होतं. १९६३ साली छापलेल्या निबंधात ४० पुरुष होते. दुसऱ्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की दर वेळी त्याला आधीपेक्षा मोठा धक्का द्यायचा, हे त्यांचं काम. प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून त्यांतले २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांतले कित्येक घामाघूम झाले, थरथरले, तरी पुढचा खटका दाबतच राहिले.

याची किंमतही त्याने मोजली. माणसांना असं फसवणं योग्य का, यावरून अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने त्याचं सदस्यत्व वर्षभर अडकवून ठेवलं. हार्वर्डने नोकरी दिली पण कायम केलं नाही. १९६७ साली तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेला आणि १९८४ साली, ५१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, तोवर तिथेच होता. इतका प्रसिद्ध माणूस, पण त्या काळच्या प्रतिष्ठेच्या शिडीवरून एक पायरी खालीच उतरलेला. हे मुद्दाम सांगते, कारण कारकीर्द म्हणजे चढती कमान असं तुला माहितीपत्रकं वाचून वाटेल.

न्यूयॉर्कच्या काळातलं त्याचं काम मला विजेच्या धक्क्यांपेक्षा जास्त आवडतं. १९७२ मध्ये त्याने एका अशा नात्यावर लिहिलं ज्याला नावच नव्हतं. उपनगरी स्टेशनाच्या फलाटावर रोज त्याच वेळी उभे असणारे लोक. चेहरा पाठ, पण बोलणं कधी नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटांवरच्या लोकांचे फोटो काढले, ते त्याच प्रवाशांना दाखवले आणि विचारलं, यांतले किती ओळखता? ८९.५ टक्के लोकांनी निदान एक तरी असा चेहरा ओळखला, सरासरी निघाली चार. या माणसांना त्याने ‘ओळखीचे अनोळखी’ म्हटलं. गंमत पुढे आहे. हीच दोन माणसं घरापासून लांब, परक्या गावी भेटली तर पटकन बोलतात. रोजच्या फलाटावर मात्र जितकी वर्षं न बोलता गेली, तितकं बोलणं अवघड होत जातं. तू रोज कळव्याहून येऊन ठाण्याला ९-१० नंबरवर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतेस. तुझ्या डब्यात अशी किती आहेत, मोज एकदा.

मग त्याने विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एवढंच, बसलेल्या माणसाला सांगायचं, ‘माफ करा, मला तुमची जागा देता का?’ कारण द्यायचं नाही. सगळ्यांना वाटलं, लोक अंगावर येतील. प्रत्यक्षात ६८ टक्के वेळा उठून किंवा सरकून जागा मिळाली. ‘उभं राहून पुस्तक वाचता येत नाही हो’ असं फुटकळ कारण जोडल्यावर हे प्रमाण उलट ४२ टक्क्यांवर आलं. कारण नसताना समोरचा गडबडतो, काहीतरी गंभीर असेल असं धरून चालतो. फुटकळ कारण ऐकलं की त्याला नाही म्हणायला जागा सापडते. पण खरा शोध या आकड्यांतला नाहीच. विद्यार्थी परत येऊन सांगायला लागले की विचारणंच अशक्य वाटतं. मिलग्रॅमला ती पोरांची नाटकं वाटली, म्हणून तो स्वतः गाडीत चढला. त्याने लिहून ठेवलंय की शब्द घशात अडकले, मळमळल्यासारखं झालं. आणि जागा मिळाल्यावर आपली मागणी खरी ठरवायला मान खाली घालून आजारी असल्यासारखं बसावंसं वाटलं. ज्याने शेकडो लोकांना विजेच्या खटक्यांपुढे बसवलं, त्याला एक जागा मागवेना!

त्याचं शेवटचं मोठं काम रांगांवरचं, ते त्याच्या मृत्यूनंतर १९८६ साली छापून आलं. न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत त्याची माणसं मधेच घुसली. एकटा घुसला तर निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५४ टक्के रांगांत कुणीतरी हरकत घेतली. दोघं घुसले तर ९१ टक्के रांगांत. हरकत घेणारे बहुतेक मागचेच, आणि घुसखोराच्या लगेच मागे जर एखादा, त्यांचाच फितवलेला माणूस गप्प उभा राहिला तर बाकीचेही पुष्कळसे गप्प. रांगेची राखण करायची जबाबदारी लगेच मागच्या माणसाची, हे कुठेही लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. गॅसच्या नाहीतर रेशनच्या रांगेत उभी राहिलेली कोणतीही बाई हे तुला सांगेल. तिने फक्त मोजलेलं नाही.

आता हे सगळं मागे ठेवून बघ. आज्ञापालन, शहरी जीवन, फलाट, रांगा: माहितीपत्रकावर हे चार वेगळे विषय दिसतील. प्रश्न एकच आहे, न लिहिलेल्या नियमाची ताकद किती असते, आणि तो नियम मोडायला गेलेल्या माणसाच्या शरीरात काय होतं? त्याने जागा बदलल्या, प्रश्न नाही.

हेन्री ताजफेलचंही तसंच. पोलंडचा ज्यू. महायुद्धात फ्रेंच सैन्यातून जर्मनांच्या हाती सापडला, आणि आपण मूळचे पोलंडचे आहोत हे लपवून युद्धकैदी म्हणून वाचला. घरचे जवळजवळ सगळे मारले गेले. आपल्यावर कुठलं लेबल आहे यावर जीव टिकणार की जाणार हे ठरतं, हे ज्याने सोसलं, त्याने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना दोन अर्थहीन गटांत वाटलं. निमित्त काय, तर दोन चित्रकारांपैकी कोण आवडतो. मुलांची एकमेकांशी भेट नाही, स्वतःचा फायदा नाही, तरी गुण वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्या गटाशी फरक वाढणार असेल तर आपल्या गटाला थोडे कमी मिळालेलेही त्यांना चालत होते. ‘आंतरगट संबंध’ हे त्याच्या नावापुढचे दोन कोरडे शब्द आहेत. मागे काय आहे ते माहितीपत्रक सांगत नाही.

माझी स्वतःची गोष्ट इतकी भव्य नाही, पण तुला जास्त उपयोगी पडेल. मला पीएच.डी.चा विषय मिळाला. मिळाला म्हणजे दिला गेला: शहरी आणि ग्रामीण कुमारवयीनांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास. आपल्याकडच्या ग्रंथालयांत असे प्रबंध रांगेने उभे आहेत. एक तयार प्रश्नावली घ्यायची, दोन गट घ्यायचे, मुली-मुलगे, शहरी-ग्रामीण, अनुदानित-विनाअनुदानित, आणि फरक लक्षणीय आहे की नाही ते लिहायचं. पाच वर्षं गेली. पदवी मिळाली, पेढे वाटले. लाल रेक्झिनच्या बांधणीतला तो ग्रंथ अजून कपाटात आहे आणि त्याला झुरळांखेरीज कोणी हात लावल्याचं ऐकिवात नाही. मार्गदर्शकांना दोष देत नाही, त्यांनाही तसाच मिळाला असणार. पण त्या पाच वर्षांत मी एकदाही स्वतःला विचारलं नाही की मला हे जाणून घ्यायचंय का.

प्रश्न भेटला तो नंतर, नोकरीत. नवी मुंबई हे आमच्या विषयासाठी विलक्षण गाव आहे. १९७० साली हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेऊन कागदावर आखलेलं शहर उभं केलं. जमिनीच्या भावासाठी लोक रस्त्यावर उतरले, १९८४ च्या जानेवारीत उरण भागातल्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे एका बाजूला सेक्टर, दुसऱ्या बाजूला गावठाण, मध्ये एक रस्ता. माझ्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुलं, कोपरखैरण्यातल्या माथाडींची मुलं, ज्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं, आणि सेक्टरमधली, ज्यांचे आईवडील देशभरातून आलेले. ऑलपोर्टने १९५४ साली मांडलं होतं की दोन गट नुसते शेजारी राहून पूर्वग्रह कमी होत नाहीत. बरोबरीचा दर्जा हवा, एकच उद्दिष्ट हवं, त्यासाठी हातभार लावून केलेलं काम हवं, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. वर्गात या चारही गोष्टी थोड्याफार होत्या. मला वाटलं, घबाड मिळालं.

मी प्रश्नावली काढली. ‘माझ्या गटाबाहेरच्या मुलांशी मैत्री करायला मला आवडते’ वगैरे, पाच पर्याय. निकाल असा आला की आमचं कॉलेज म्हणजे साक्षात वैकुंठ. सगळ्यांना सगळे आवडतात. मी खूश होऊन वर्गात सांगायला गेले, तर मागच्या बाकावरचा घणसोलीचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, कागद तुम्हीच वाटलेत, तुम्हीच गोळा केलेत. तुमच्यासमोर वाईट कोण लिहील?’ नाव लिहायचं नव्हतं, तरीही. पुस्तकात मी या दोषावर अख्खं प्रकरण शिकवत होते, आणि स्वतः त्याच खड्ड्यात.

मग आठवण झाली १९६६ सालच्या एका जुन्या निबंधाची. डोनाल्ड कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वर्गांत विचारपूस न करता नुसतं बघितलं होतं की गोरी नि काळी मुलं कुणाशेजारी बसतात, आणि योगायोगाने जेवढी एकत्र बसली असती त्याहून ती वेगळी बसतात का. मीही कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरलं. चहाचा कप आणि वही. महिनाभर लिहीत गेले, कोण कुणाशेजारी. आणि माझी रेषाच चुकलेली निघाली. गावठाण-सेक्टर असं टेबलांचं वाटप नव्हतं. मराठी माध्यमाची मुलं एकत्र, मग ती गावातली असोत की माथाडी वसाहतीतली की सेक्टरमधली. इंग्रजी माध्यमवाली वेगळी. ज्या भेदावर मी दोन वर्षं बोलत होते तो वडिलांच्या पिढीचा होता. पोरांनी आपली सीमा दुसरीकडे आखली होती. एका कॉलेजातली, एका महिन्याची नोंद, त्यावरून सगळ्या शहराबद्दल बोलणार नाही. पण माझा प्रश्न मला तिथे मिळाला: ‘आपला’ कोण हे माणूस कशावरून ठरवतो, आणि ते बदलतं कधी? तेव्हापासून सोसायटीच्या सभा, लोकलमधले ग्रुप, गणपती मंडळं, सगळीकडे तोच घेऊन फिरते. कॉलेजच्या माहितीपत्रकात त्याचे पाच विषय झालेत.

तुला वाटेल, हे सगळं गोऱ्यांचंच चाललंय. थांब. कोलकात्यात मानसशास्त्राचा विभाग १९१६ पासून आहे. आणि आपल्या विषयातल्या एका अतिशय प्रसिद्ध सिद्धान्ताच्या मुळाशी बिहारचा भूकंप आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१५ जानेवारी १९३४ ला तो भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापल्या. या अफवा अशा भागातल्या होत्या जिथे धक्का तर जोरात बसला, पण पडझड काही झाली नाही. आणि अफवा काय? आणखी मोठा भूकंप येणार, पूर येणार, अमुक दिवशी प्रलय. अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर हा मानसशास्त्रज्ञ हे वाचून अडला. घाबरलेल्या माणसाने मन शांत करणारं काही पसरवायला हवं, आणखी घाबरवणारं का? त्याला उत्तर सुचलं ते असं: अंगात भीती भरलेली आहे आणि आजूबाजूला घाबरण्यासारखं काहीच दिसत नाही, ही विसंगती माणसाला सोसवत नाही. मग तो भीतीला शोभेल असं कारण तयार करतो. दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या भूस्खलनानंतरच्या अफवांचा अभ्यास १९५२ मध्ये छापला. तिथे नुकसान डोळ्यांसमोर होतं, माणसं मेली होती, आणि तिथे पुढच्या संकटाच्या अशा अफवा आढळल्या नाहीत. फेस्टिंजरने १९५७ च्या पुस्तकात हे दोन्ही अभ्यास शेजारी शेजारी ठेवले. बोधात्मक विसंगतीचा सिद्धान्त म्हणून तू जो पाठ करशील, तो हा. २००५ च्या पुरानंतर दोन दिवसांनी मुंबईत धरण फुटल्याची आवई उठून लोक पळत सुटले, चेंगराचेंगरीत माणसं मेली. ते दिवस आठवले की मला प्रसादांचा निबंध आठवतो. आणि हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात’ आलं की सुद्धा.

अलीकडचं सांगायचं तर स्टीफन रायकर या ब्रिटिश संशोधकाने अलाहाबादच्या अभ्यासकांबरोबर माघ मेळ्यावर काम केलं. थंडी, गोंगाट, साधी राहणी, तरी महिनाभर कल्पवासाला, म्हणजे व्रत म्हणून नदीकाठी, राहिलेल्या लोकांची तब्येत, त्यांच्याच सांगण्यानुसार, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत सुधारलेली आढळली. गर्दी म्हणजे झुंड, तिथे अक्कल गहाण पडते, हा ल बाँ या फ्रेंच लेखकाचा १८९५ सालचा समज रायकरने आयुष्यभर खोडून काढत आणलाय. त्याची सुरुवात १९८० च्या ब्रिस्टलमधल्या दंगलीपासून झाली. वारीला जाऊन आलेल्या आपल्या आजीला हे नवीन नाही. पण आजीचं म्हणणं आणि मोजलेलं म्हणणं यांत फरक असतो, आणि तो शिकायलाच तू एम.ए.ला जाणार आहेस.

मोजलेलंही चुकतं, हे आत येण्याआधीच ऐकून ठेव. २०११ मध्ये नेदरलँड्सचा डिडरिक स्टापेल हा नावाजलेला सामाजिक मानसशास्त्रज्ञ आकडे घरी बसून तयार करत होता हे उघड झालं. २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर लक्षणीय निकाल सुमारे ३६ टक्क्यांचाच पुन्हा आला. न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीजचा १९६४ सालचा खून ३८ जणांनी मुकाट्याने पाहिला, ही पुस्तकातली गोष्टही अतिरंजित ठरली आहे. मीच ती वीस वर्षं रंगवून सांगत होते. आता सांगते तेव्हा आधी माझी चूक सांगते.

व्यवहाराचं थोडक्यात. बी.कॉम.वर एम.ए. मानसशास्त्राला काही ठिकाणी प्रवेश परीक्षेतून घेतात, काही ठिकाणी पदवीला विषय असावाच लागतो, तेव्हा प्रत्येक विद्यापीठाची पात्रता नीट वाच. एम.ए.ला किमान ५५ टक्के पाड, नाहीतर प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा आणि पीएच.डी. अडतं. पीएच.डी.ला नियमाप्रमाणे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात आणि निघाल्या तरी भरायला वेळ लागतो. तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणारी माझी विद्यार्थिनी सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, अशी धावते. तिच्याशी बोलून मगच नोकरीचा राजीनामा दे. संख्याशास्त्राला घाबरू नकोस. बी.कॉम.ला तू ते थोडंफार केलं आहेस, आणि एक्सेलवर तीन वर्षं बसलेली मुलगी आमच्या वर्गात निम्म्यांच्या पुढे असते.

आता तो रकाना. तू मसुदा पाठवला आहेस त्यात लिहिलंय: ‘पूर्वग्रह, गटवर्तन, नेतृत्व, सोशल मीडिया, महिला सक्षमीकरण.’ हे पाचही खोड. तुझ्याच पत्रात शेवटी, ताजा कलम म्हणून, एक वाक्य आहे, ज्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले. तू लिहिलंस: ‘ट्रेनमध्ये चौथी सीट मागताना काहीच वाटत नाही, पण तिसऱ्या सीटवरच्या बाईला उठायला सांगायचा विचारसुद्धा येत नाही, असं का?’

अगं, हाच तुझा रकाना. तीन जणींच्या बाकावर चौथीचा हक्क कुठे लिहिलेला नाही. तरी ‘जरा सरकून घ्या’ म्हणताना आवाजात विनंती नसते, हक्क असतो, आणि न सरकणारी बाई डब्यात वाईट ठरते. ‘कुठे उतरणार?’ विचारून सीट बोलून ठेवली की ती तोंडी पावती सगळा डबा मान्य करतो. आणि भलतीच कुणी मध्ये बसली तर भांडायला कोण उठतं, जिची सीट गेली ती की शेजारची? मिलग्रॅमच्या गाडीत मागणं अशक्य होतं, तुझ्या गाडीत अर्धं मागणं शक्य आणि अर्धं अशक्य आहे. हा फरक न्यूयॉर्कवाल्याला दिसणार नाही. तुला रोज सकाळी दिसतो.

अर्ज भरायला महिना आहे म्हणतेस. एक शंभर पानी वही घे. रोज एक फेरी, तारीख, वेळ, डबा, कुठून कुठे. चौथी सीट कितींनी मागितली, काय शब्द वापरले, मिळाली का, मागणारीच्या हातात मूल किंवा पिशवी होती का. नावं लिहायची नाहीत, फोटो-व्हिडिओ अजिबात काढायचे नाहीत. विद्यापीठात गेल्यावर याच कामासाठी नैतिकता समितीची परवानगी लागेल, तेव्हा सवय आत्ताच लाव. आपल्याला जे अपेक्षित नव्हतं ते घडलं तर त्याच्यापुढे खूण कर. तीस दिवसांनी त्या खुणा वाच आणि रकान्यात तीन ओळी लिही, साध्या मराठीत आधी, इंग्रजी मग. आणि मसुद्याचं पहिलं वाक्य, ‘लहानपणापासूनच मला माणसांच्या मनाबद्दल कुतूहल होते’, ते काढून टाक. दरवर्षी शंभर अर्जांत ते असतं आणि आम्ही सगळे ते वगळूनच वाचायला सुरुवात करतो.